रिलिंक्विश म्हणजे नुसतं सोडणं नव्हे

खेड्यात इंग्रजीच्या मास्तराला दोन नोकऱ्या असतात. एक शाळेतली, पगाराची. दुसरी ओट्यावरची, फुकटची. कुणी औषधाची बाटली घेऊन येतं, कुणी बँकेचा कागद, कुणी खताच्या पोत्यावर काय छापलंय ते विचारतं. मी नांदूरघाटला एका शाळेत शिकवत होतो आणि संध्याकाळी युसूफ वडगावला आमच्या कापडाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून लोकांना अर्थ सांगत होतो. मास्तर म्हणाला म्हणजे तसंच असणार, अशी माझी ख्याती. या ख्यातीच्या जोरावर मी आयुष्यात एकदाच कुणाला जाणूनबुजून चुकीचा अर्थ सांगितला. ती माझी सख्खी बहीण होती.

शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा होता, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी माझ्या बाजूने बोलायला नको.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा आठवडा होता. दहावीला एक उतारा शिकवत होतो. म्हाताऱ्या राजाने गादी सोडली, एवढीच गोष्ट. त्यात ‘रिलिंक्विश’ हे क्रियापद आलं. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

“सर, सोडणं म्हंजी लीव्ह. मग हितं एवढा मोठा शब्द कावून?”

सुट्टीच्या तोंडावर असा प्रश्न विचारणारं पोर वर्गात असणं ही भाग्याचीच गोष्ट. मी खडू घेतला आणि अख्खा तास त्या एका शब्दावर घालवला. गाव सोडलं की लीव्ह, तंबाखू सोडली की गिव्ह अप, भाकड जनावर रस्त्यावर सोडून दिलं की अबँडन. पण गादी, पद, ताबा, वारसा, हक्क असलं काही सोडायचं असलं की रिलिंक्विश. हा कचेरीतला शब्द आहे, चहाच्या टपरीवरचा नाही. कुणी म्हणालं की मी बिडी रिलिंक्विश केली, तर इंग्रज हसेल.

“आणि याला दोन अटी आहेत,” मी म्हणालो. “जे सोडायचं ते तुमचं असलं पाहिजे. आणि ते तुमचं आहे, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. झोपलेल्या माणसाच्या हातातून काठी गळून पडली तर त्याने ती रिलिंक्विश केली, असं होत नाही. जागेपणी, समजून उमजून, मूठ उघडावी लागते.”

मग मूळ सांगितलं. लॅटिनमधलं ‘लिंक्वेरे’ म्हणजे ठेवून जाणं, त्याच्या आधी ‘री’ लागलं, आणि फ्रेंचांच्या घरून हा शब्द इंग्रजीत आला. अंबाजोगाईला कॉलेजात असताना संस्कृतच्या सरांनी मला सांगितलं होतं की आपला ‘रिक्त’ हा याच शब्दाचा लांबचा भाऊबंद आहे. दोघांची पणजी एकच. तेही मी ठोकून दिलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हंजी इंग्रज बी आपले पाव्हणेच की सर!” सगळा वर्ग हसला, मीही हसलो. फार छान तास झाला, असं मला वाटलं. एसटीने घरी येताना मी स्वतःवर खूश होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातली गत.

आता आक्काबद्दल सांगतो. आम्ही तिघं भावंडं. दादा सगळ्यात मोठा, तो दुकान बघायचा. मधली आक्का. मी शेंडेफळ. मी दीड वर्षाचा असताना आई गेली. आक्का तेव्हा अकरा वर्षांची, चौथीत होती. दुसऱ्या दिवसापासून तिने शाळेत जाणं बंद केलं, कारण मला कडेवर घेऊन शाळेत बसू देत नव्हते. मला जेवू घालण्यापासून ते शाळेच्या दारापर्यंत बोट धरून नेण्यापर्यंत सगळं तिने केलं. शाळेच्या दारातून ती परत फिरायची. मी आत जायचो.

तिला गेवराईला दिली होती. नवरा अडत्याकडे मुनीम, भला माणूस, पण दमेकरी. मूल झालं नाही. घर दोन दिरांचं, आणि मूल नसलेल्या बाईचं त्या घरातलं बस्तान नवऱ्याच्या श्वासावर टिकून होतं. ते आमच्या वडलांना कळत होतं. आमचं शेत वडगावाबाहेर रस्त्याला लागून होतं, आणि विहिरीजवळ पत्र्याची एक खोली होती. म्हातारपणी वडील दुकानात कमी आणि त्या खोलीत जास्त असायचे. जायच्या आधी दोन महिने त्यांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवून सांगितलं, “ही खोली आक्काची. उद्या तिला कुटं थारा न्हाई ऱ्हायला तर हितं येईल. तुमच्या बायकांच्या तोंडाकडं बगायची पाळी तिच्यावर येऊ देऊ नगा.” आम्ही माना डोलावल्या. कागद कुणी केला नाही. बापाच्या शब्दाला कागद लागतो, असं आमच्याकडे कुणी मानत नाही.

वडील गेल्यावर काही वर्षांत वारं फिरलं. गावात एसटीडीचा बूथ आला, केबलवाला आला. रस्त्याकडेच्या ज्या जमिनीत ज्वारीसुद्धा धड यायची नाही, तिचे प्लॉट पाडून विकायला बीडचे लोक गाड्या घेऊन येऊ लागले. दादाला दुकानात रेडिमेड कपडे ठेवायचे होते, वर मजला चढवायचा होता. आणि मला? मला केजला घर हवं होतं. तिथे नवी इंग्रजी शाळा निघाली होती, तिच्यात माझ्या लेकीला घालायचं होतं. इंग्रजीच्या मास्तराची लेक मराठी शाळेत जाते म्हणून लोक हसतात, असं मला वाटायचं. कुणी हसत नव्हतं. पण वाटायचं.

नव्या कायद्याने मुलींचाही वाटा धरला होता, त्यामुळे घेणारे लोक पहिला प्रश्न हाच विचारत, बहिणीचा हक्कसोड झालाय का? म्हणजे तिने आपला वाटा भावांना लिहून दिलाय का; इंग्रजीत याच कागदाला रिलिंक्विशमेंट म्हणतात. आमच्या भागात याची ठरलेली रीत होती. भाऊबीजेला बहिणीला आणायचं, ओवाळून घ्यायचं, साडीचोळी करायची आणि कचेऱ्या उघडल्या की तिला तालुक्याला नेऊन सही घ्यायची. बहिणीने भावाला घातलेली ओवाळणी, असं लोक त्याला कौतुकाने म्हणायचे. जी सही करत नाही तिचं माहेर तुटतं. ते कुणी तोडत नाही, नुसतं पुढच्या दिवाळीला न्यायला कुणी जात नाही. म्हणून बहिणी सही करायच्या. कशावर केली, ते फार कुणी विचारत नसे.

दादा मला म्हणाला, “माझं ती ऐकायची न्हाई. खोलीचं काढील. तुझं ऐकंल. तू सांग तिला.”

“काय सांगू?”

“सांग, रीत हाय नुसती. मास्तर हायस ना बे तू? एवढं सांगता यीना?”

आक्का चिवड्याचा डबा घेऊन एसटीने आली. आम्हाला ओवाळलं. मला ओवाळताना नेहमीसारखी दोनदा हनुवटी धरली. दुपारी ती चुलीपुढे भजी तळत होती, तेव्हा मी शेजारी पाटावर जाऊन बसलो आणि केजला सहीला जायचं म्हणून सांगितलं.

तिने झारा थांबवला. “सही केल्यावर बी मळ्यातली खोली ऱ्हाईल ना रं माझी?”

तिने वाटा विचारला नाही, किंमत विचारली नाही. एवढंच विचारलं. आणि ज्याने आठ दिवसांपूर्वी चाळीस पोरांना त्या शब्दाच्या दोन अटी फळ्यावर लिहून दिल्या होत्या, तो मी म्हणालो, “राहील की. ही नुसती कागदाची रीत आहे, आक्का. सरकारला कागद लागतो.”

“असं व्हय,” ती म्हणाली आणि भजी उलटायला लागली.

रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात अर्जनवीस टाइपरायटर मांडून बसायचे. आमच्या अर्जनवीसाने मजकूर तयार ठेवला होता. तो त्याने एका दमात वाचून दाखवला. सदर मिळकतीवरील माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व हितसंबंध राजीखुशीने व अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कायमचा सोडून देत आहे. नशापाणी ऐकल्यावर आक्का पदर तोंडाला लावून हसली. “आता मी नशापानी करीन व्हय, भाऊ?” अर्जनवीसही हसला. मग आत नंबर आला. साहेबांनी मान वर न करता विचारलं, “बाई, मजकूर वाचून दाखवला का? समजला का?”

आक्काने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, “हा माझा भाऊ हाय. इंग्रजीचा मास्तर हाय. त्यानं सांगितलंय मला समदं.”

किती अभिमानाने म्हणाली! ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. सही करायला तिला वेळ लागला. मागे लोक खोळंबले होते, दादा घड्याळ बघत होता. मग तिने एकेक अक्षर सुटं काढत नाव लिहिलं, अंगठा दिला आणि शाई केसांना पुसली. बाहेर येऊन आम्ही तिघांनी हॉटेलात चहा प्यायला. दादाने तिच्यासाठी पेढे बांधून घेतले.

संक्रांतीपर्यंत शेत विकलं गेलं. घेणाऱ्यांनी ट्रॅक्टर लावून खोली एका सकाळी पाडली. मी तिथे गेलो नाही, मला शाळा होती. शाळा नसती तरी गेलो नसतो. चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडले, विहीर बुजवली. मी केजला दोन खोल्यांचं घर बांधलं, लेकीला इंग्रजी शाळेत घातलं. आक्का नागपंचमीला आली तेव्हा बसमधूनच तिला ते दिसलं असणार, कारण रस्ता तिथूनच येतो. घरी येऊन तिने पाणी मागितलं, वहिनीच्या हाताला मेंदी लावली, सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारली. शेताचं नाव काढलं नाही. आम्ही दोघा भावांनीही काढलं नाही. बरं झालं, तिने मनाला लावून घेतलं नाही, असं दादा म्हणाला. मी हो म्हणालो.

दोन वर्षांनी तिचा नवरा गेला. वडलांना जी धास्ती होती, अगदी तसंच झालं. आधी तिची चूल वेगळी केली, मग तिची खाट ओसरीवर आली, मग पाव्हण्यारावळ्यांना ओसरी लागते असं निघालं. ती एक पत्र्याची पेटी घेऊन वडगावला आली. दादाकडे आठ दिवस राहिली. नवव्या दिवशी दादा तिला केजला माझ्याकडे घेऊन आला आणि म्हणाला, “जरा हवापालट व्हईल तिला.” पेटी आत ठेवून तो चहासुद्धा न घेता गेला.

ती माझ्याकडे अकरा दिवस होती. पुढच्या खोलीत, लेकीच्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी तिचं अंथरूण. पहाटे उठून विभूती लावून पूजा करायची, तीही इतक्या हळू की ताम्हणाचा आवाज येऊ नये. लेक अभ्यासाला बसली की ती उठून अंगणात जायची. माझी बायको वाईट नव्हती. कधी वाकडं बोलली नाही, उलट आक्काच्या हातातलं काम काढून घ्यायची. अडचण बायकोची नव्हती, माझी होती. आक्का घरात असली की मला कुठे बघावं ते कळायचं नाही. मग मी माझा जाडजूड शब्दकोश उघडून बसायचो. इतक्या वर्षांत नजरेतून सुटलेलं तेव्हाच सापडलं. रिलिंक्विशच्या घराण्यात आणखी एक शब्द आहे, रेलिक्ट. जुन्या इंग्रजी दस्तऐवजांत विधवेला तो शब्द लावत. मागे ठेवलेली, असा त्याचा अर्थ. मी शब्दकोश मिटला. दारातून ती अंगणात दिसत होती, तुळशीजवळ बसून आमच्या घरच्यांच्या चपला पुसत होती. चपला! माझ्या घरात तिला करायला तेवढंच काम सापडलं होतं.

आक्का आता नाही. त्याच वर्षी गेवराईला भाड्याच्या खोलीत वारली. आम्ही दोघं भाऊ पोचलो तेव्हा समाजाच्या लोकांनी सगळी तयारी करून ठेवली होती, आम्हाला नुसतं पुढे उभं राहायचं होतं. पण मला सांगायचंय ते त्या अकराव्या दिवसाचं.

दुपारची वेळ होती. बायको लेकीला आणायला शाळेत गेली होती. आक्का स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. किती दिवस घोकत होतो ते एकदाचं तोंडातून निघालं.

“आक्का, त्या दिवशी मी तुला खोटं सांगितलं. सही केल्यावर खोली राहणार नव्हती. मला माहीत होतं.”

तिने मान वर केली नाही. “मला बी म्हायती होतं.”

“कधी कळलं?”

“तवाच. त्या टायपवाल्यानं कायमचा म्हनलं. मी काय बहिरी हाय? अन् तू लबाड बोलाया लागलास की डोळ्याला डोळा दीत न्हाईस. दोन वर्साचा होतास तवापासून बगते मी.”

“मग सही कावून केलीस?” माझ्या तोंडून घरची बोली निघाली. मास्तर झाल्यापासून मी ती टाकली होती.

तिने काड्या एका बाजूला सारल्या. “पेन हातात धरून थांबले होते रं मी. म्हनलं, हा आता बोलंल. राहू दे आक्का, करू नगं, असं म्हनंल. लई येळ थांबले. तू न्हाई बोललास. मंग म्हनलं, त्याला गरज आसंल. गरज आसंल तर घिऊ दे.”

मी रडलो. चाळिशीला आलेला माणूस मेथीच्या जुडीपुढे बसून हुंदके देत होता, आणि जिचं सगळं गेलं होतं ती पदराने माझं तोंड पुसत होती. खोली तिची होती आणि ती आपली आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सही केली की काय जाणार तेही ठाऊक होतं. दोन्ही अटी तिने पुऱ्या केल्या होत्या. झोपेत काठी गळून पडलेली नव्हती. तिने जागेपणी मूठ उघडली होती, आणि मी समोर उभा राहून ती उघडू दिली होती. निदान तिला कळलं नव्हतं, फसवलं तर फसवलं, पण तिने विश्वासाने सही केली, असं स्वतःला सांगत मी इतकी वर्षं काढली होती. तो आधारही तिने काढून घेतला. रागाने नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

माझं रडणं ओसरल्यावर तिने मेथीची पाटी पुन्हा पुढे ओढली. मग ती म्हणाली, “गेवराईला एक बाई हाय वळखीची. पापड लाटायला ये म्हनती. खोली बी बगून दीन म्हनली भाड्यानं. उद्या जावं म्हनते.”

एवढं बोलून तिने हात थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. हातात मेथीची काडी तशीच धरलेली होती. या खेपेला मला कळलं. ती थांबली होती. घर माझं होतं, दोन खोल्यांचं का होईना. बायको घरात नव्हती, दादा नव्हता, साहेब नव्हता, मागे रांग नव्हती. लेकीचं टेबल आतल्या खोलीत सरकवलं असतं तर आक्काचं अंथरूण कायमचं मावलं असतं. मी तसं मोजूनही बघितलं होतं, तिसऱ्याच दिवशी.

“बरं,” मी म्हणालो. “सकाळची नऊची गाडी थेट आहे. तिला गर्दी नसते, बसायला जागा मिळते.”